बागेलाही मे महिना असतो

(मुलुंड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे मे महिन्याची कोकणातली तिकिटं तुमच्यापैकी काहींना मार्चमध्येच मिळाली असतील, आणि उरलेले एसटीच्या खटपटीत असतील. घर बंद करायची यादीही पाठ असते: गॅस, दूधवाला, पेपरवाला, मेन स्विच. बाग मात्र या यादीत आदल्या रात्री शिरते. मग मला ठरलेला प्रश्न येतो, ‘आम्ही पाच आठवडे नाही, टोमॅटो कसे जगवायचे?’ मी सांगतो, जगवू नका. त्यावर माणसं जरा दुखावतात.

पण मे महिन्यात टोमॅटो कुंडीत हवाच कशाला? टोमॅटो, फ्लॉवर, वाटाणा, पालक, मेथी ही सगळी थंडीची मंडळी. मुंबईत मे महिन्यात रात्रीचा पाराही सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास असतो. एवढ्या उबेत टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही. फुलं येतात आणि गळतात. त्याला रोज दोन तांबे पाणी घालून आपण फक्त पानं पोसतो. ज्याच्याकडे बारमाही पाणी नाही असा आपल्याकडचा शेतकरी या दिवसांत काय करतो? नांगरट करून जमीन तापू देतो, शेणखत पसरतो, बांध नीट करतो. कोकणात पावसाआधी कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरतात. शेतीच्या वर्षात वैशाख हा पीक राखण्याचा महिना नाही, माती तयार करण्याचा आहे. शाळेची सुट्टीही तेव्हाच पडते. मग भांडण कुठे आहे? जानेवारीतलं पीक जूनपर्यंत ओढत न्यायचा हट्ट आपला आहे.

मुलुंडच्या जुन्या लोकांना हा प्रश्न पडत नसे. 1922 साली क्राउन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांनी पश्चिमेला काटकोनात रस्ते आखले आणि प्लॉट पडले. त्यांवरच्या बंगल्यांना परस होता. त्यात शेवगा, फणस, कढीपत्ता आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू. महिनाभर कोणी नसलं तरी शेवगा मरत नसे, कारण त्याची मुळं हवी तितकी खोल गेलेली असत. आता त्याच प्लॉटवर टॉवर उभे आहेत आणि बाग बारा इंचांच्या कुंडीत आली आहे. खाली स्लॅब, चहूबाजूंनी तापलेलं प्लॅस्टिक. मूळ जाणार कुठे?

थोडं गणित करू. एक चौरस मीटर जागेवरून एक मिलिमीटर पाणी उडालं, की एक लिटर गेलं. मे महिन्यात गच्चीवर दिवसाला सहा मिलिमीटर धरा. बारा इंची कुंडीचं तोंड साधारण सात शतांश चौरस मीटर. म्हणजे नुसत्या ओल्या मातीतून दिवसाला अर्ध्या लिटरला थोडं कमी. वीस कुंड्या आणि पस्तीस दिवस म्हटले, तर अंदाजे तीनशे लिटर. हे झालं उघड्या मातीचं. त्यात पुरुषभर टोमॅटो किंवा पसरलेला दोडका असेल, तर एकेका कुंडीचा खर्च तिप्पट-चौपट होतो आणि हिशेब हजार लिटरवर जातो. 2024 साली महापालिकेने 30 मेपासून पाच टक्के आणि 5 जूनपासून दहा टक्के पाणीकपात केली होती. भांडुपचं जलशुद्धीकरण केंद्र आपल्या शेजारी आहे, म्हणून मुलुंडला कपात कमी लागत नाही.

खर्च कमी करायचा तर पान कमी करायला हवं. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकऱ्यांना झाडाकडे पानांच्या क्षेत्रफळातून बघायला शिकवलं. जेवढं पान, तेवढं ऊन पकडलं जाणार. सुट्टीपुरता हा हिशेब उलटा वाचा. जाण्याच्या आठवडाभर आधी वांगी गुडघ्याखाली छाटा. मुळं शाबूत राहिली तर पावसात नवे धुमारे येतात, त्याला खोडवा म्हणतात. ड्रममधला शेवगा कंबरेएवढा ठेवा. कढीपत्त्याची पानं काढून वाळवा, चटणी गावाला न्या. मग मातीवर चार बोटं आच्छादन. पालापाचोळा चालेल, नारळाची सोडणं त्याहून बरी. उसाची चिपाडं तर या दिवसांत रसवंतीवाला आनंदाने देतो. फक्त दोन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्या होतात. पावसाळ्याच्या अखेरीस हेच आच्छादन माती होऊन जातं.

दुसरी गोष्ट, कुंड्या ठेवायच्या कुठे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणेची बाल्कनी उन्हाची. मे महिन्यात हे उलटतं. साधारण 15-16 मेला मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो. सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलै अखेरपर्यंत मध्यान्हीला किंचित उत्तरेकडूनच जातो. दक्षिणेच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो, त्यामुळे ती ऐन उन्हाळ्यात गार पडते. हिवाळ्यात जिथे ऊन शोधत कुंड्या मांडल्या, तीच जागा सुट्टीत आसऱ्याची ठरते. पश्चिमेची बाल्कनी मात्र रिकामी करा. दुपारी तीननंतर तिथे छाटलेलं झाडही तग धरत नाही.

पाण्याची युक्ती फार जुनी आहे. बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकणी. चीनमध्ये इसवीसनपूर्व पहिल्या शतकातल्या शेतीच्या ग्रंथात ही रीत आहे. भोवतालची माती कोरडी पडली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढते. माती ओली झाली की ओढणं मंदावतं. यंत्र नाही, वीज नाही. रंगवलेलं मडकं घेऊ नका, त्याची छिद्रं बुजलेली असतात. कुंडीत मावणारं लहान मडकं काही दिवस पुरतं, पाच आठवडे पुरत नाही. त्यामुळे ते भरायला माणूस लागणारच, रोज नव्हे इतकंच. बॅटरीवरचा टायमर लावून ठिबक करणारे आहेत. चांगलं आहे, पण टाकीत पाणी नसेल तर टायमर इमानदारीने हवा सोडतो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: कुंडीखालच्या बशा भरून ठेवणं आणि पिंप उघडं ठेवणं. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. तुम्ही गुहागरला आंबे खात असताना इथे त्याच्या दोन-तीन पिढ्या होतील.

आता मला खरं सांगायचंय ते कंदांबद्दल. हळद, आलं, सुरण, करांदा, कोनफळ. यांचं वर्षच वेगळं असतं. थंडीत पानं पिवळी पडतात, कंद जमिनीत भरतो आणि उन्हाळाभर निजतो. त्या काळात त्याला पाणी नकोच असतं, दिलं तर कुजतो. मे-जूनमध्ये वळवाची सर पडली, हवा दमट झाली, की कोंब वर येतो. हळद लावायला अक्षय्य तृतीयेपासूनचे दिवस धरतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढतात. सुट्टीवर जाणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं पीक नाही. मोठी ग्रो बॅग, निम्मी पालापाचोळ्याने आणि शेणखताने भरलेली, वर माती, त्यात चार बोटं खोल डोळे असलेले हळदीचे तुकडे, आणि चिपाडांचं पांघरूण. मग खुशाल निघा. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख 11 जून आहे. 2025 साली तो 26 मेलाच आला. तेव्हा कोणाची हळद वेळेत मातीत होती आणि कोणाची पिशवीत, तेही कळलं.

शाळांच्या परसबागांसाठी तर मला हे पीक देवाने पाठवल्यासारखं वाटतं. पोषण आहार योजनेमुळे शाळाशाळांत परसबागा झाल्या. मुलं उत्साहाने पालक लावतात आणि निकाल लागला की बाग ओसाड. ती सगळ्यांची असते, म्हणून मे महिन्यात कोणाचीच नसते. शिपायांनी पाणी घालावं हा उपाय मला पटत नाही. सुट्टी त्यांनाही असते. शेवटच्या दिवशी मुलांच्या हातून हळद आणि सुरण लावून घ्या. जूनच्या मध्याला शाळा भरते तेव्हा कोंब दिसायला लागलेले असतील, आणि वार्षिक परीक्षेच्या आधी काढणी होईल. पीक शाळेच्या वेळापत्रकात असं बसत असेल, तर आपण दरवर्षी टोमॅटोच का लावतो?

अशा ओसाड पडणाऱ्या बागेच्या उलट उदाहरण आपल्याच शहरात आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 पासून बाग उभी केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथेच माती होत गेला. स्वयंपाकघर रोज चालायचं, माणसं पाळीने यायची, त्यामुळे एक घर गावाला गेलं म्हणून बाग सुकण्याचा प्रश्नच नव्हता. सोसायटीच्या गच्चीवर हे करता येईल, पण तिथे आधी गळतीचा वाद मिटवावा लागतो. त्यावर व्याख्यान नको, वकील हवा.

तुमच्यातून आलेल्या एका चिठ्ठीत माकडांच्या उपद्रवाचं विचारलंय, अर्थातच डोंगराकडच्या बाजूने. दोडक्या-पपईचं माझ्याकडे उत्तर नाही. कोकणात माकडांना कंटाळून हळदीकडे वळलेले शेतकरी आहेत, एवढं सांगतो.

राहिले भेंडी, गवार, चवळी, मायाळू. यांना ऊन आवडतं, त्यामुळे ही ठेवायची असतील तर शेजारी लागतात. इथे आपण संकोच करतो. ‘रोज थोडं पाणी घाला हं’ म्हणतो आणि तोडायचं काही बोलत नाही. शेजारी बिचारे शेंगेला हात लावत नाहीत. शेंग झाडावर जून झाली की झाड बी भरण्याच्या मागे लागतं आणि फुलणं थांबवतं. तेव्हा जो पाणी घालील त्याने तोडून न्यायचं, हे किल्ली देतानाच सांगा. रोपागणिक एकच शेंग बियाण्यासाठी दोरा बांधून ठेवा, ती तेवढी तोडू नका म्हणावं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती असंच गावरान बियाणं जपल्याबद्दल. आपल्याला एवढं मोठं काही नको, जूनच्या पेरणीपुरतं पुरे.

परत येताना फणस-आंब्यांच्या पेट्यांत एक सुरणाचा गड्डा आणि मूठभर करांदे टाका. इथल्या बाजारात करांदा क्वचित दिसतो आणि मृगात लावला तर वेल ग्रिलवर चढतो. आणि आज उठण्याआधी शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय, मे महिन्यात ते मुलुंडमध्येच आहेत का, एवढं विचारून घ्या.