प्रौढांचे इंग्रजी आणि परवडणारे पुस्तक



शिक्षणासाठी दान म्हटले की दात्याच्या डोळ्यांसमोर प्रथम शाळकरी मूल उभे राहते. त्याच्यासाठी वह्या, गणवेश आणि शिष्यवृत्ती यांची व्यवस्था होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु ज्यांचे शाळेचे वय केव्हाच सरले, तरी शिकण्याची गरज मात्र सरलेली नाही, असाही एक मोठा वर्ग समाजात आहे. तो कोणाकडे मागणी करीत नाही. वयाचा संकोच त्याला गप्प बसवतो.

या वर्गाची अडचण समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागेल. महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले ते २००० च्या शैक्षणिक वर्षापासून. त्यापूर्वी हा विषय पाचवीत येत असे. म्हणजे ज्याने सातवीनंतर शाळा सोडली, त्याच्या वाट्याला इंग्रजीची अवघी तीन वर्षे आली. आज पस्तिशी ओलांडलेले असंख्य दुकानदार, कारागीर, गुमास्ते आणि गृहिणी याच पिढीतले आहेत. व्यवहारात ते चतुर असतात. हिशेबात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. मात्र बँकेचा संदेश, औषधाच्या वेष्टनावरील सूचना, मालाच्या कराराचा कागद किंवा नातवंडांच्या शाळेचे पत्र हाती आले की त्यांना दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते. न वाचलेल्या कागदावर सही करण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याचे नुकसान केवळ पैशांचे नसते. आत्मविश्वासाचेही असते.

अशा व्यक्तीने शिकण्याचा निश्चय केला तर पहिला प्रश्न पुस्तकाचा येतो. परदेशी प्रकाशकांचे रंगीत पाठ्यपुस्तक आणि त्याची स्वाध्यायपुस्तिका असा संच घ्यायचा तर संसारी माणसाचा हात आखडतो. मग शाळकरी मुलांची जुनी पुस्तके गोळा करून त्याला दिली जातात. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. पन्नाशीच्या गृहस्थाला सफरचंदाच्या चित्राखालचे अक्षर गिरवायला लावले तर तो दुसऱ्या दिवशी वर्गाला येत नाही. विनामूल्य मिळालेले, पण वापरले न जाणारे पुस्तक हेच सर्वांत महाग पुस्तक होय.

स्वस्त आणि तरीही उपयुक्त पुस्तक कसे करावे, याचा विचार आपल्याच उपखंडात शंभर वर्षांपूर्वी झाला. मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्यात काम करीत होते. बंगाली विद्यार्थी वाचनात का अडखळतात याचा त्यांनी अभ्यास केला. दोष मुलांच्या बुद्धीत नव्हता. वाचनपुस्तकांत एकामागून एक नवे, दुर्मीळ शब्द कोंबलेले असत आणि एकदा आलेला शब्द पुन्हा भेटत नसे. वेस्ट यांनी अनावश्यक शब्द काढून टाकले, नवे शब्द अंतरा-अंतराने आणले आणि त्यांची पुनरावृत्ती केली. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी मजकुराचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग या शब्दांनी व्यापलेला असतो, असे मानले जाते. यातून निघणारा बोध व्यापारी समाजाला सहज उमगावा. माल निवडून घेतला तर भांडवल कमी लागते. शब्द निवडून घेतले तर पाने कमी लागतात आणि शिकणाऱ्याचा वेळही वाचतो.

दुसरा मार्ग होता किमतीला हातभार लावण्याचा. ब्रिटिश सरकारने १९६० च्या सुमारास इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटी, म्हणजेच ईएलबीएस ही योजना सुरू केली. ब्रिटनमधील नामांकित पुस्तके भारतासारख्या देशांत सवलतीच्या दरात मिळू लागली. वैद्यकापासून अभियांत्रिकीपर्यंतची पाठ्यपुस्तके त्यांत होती, तसेच इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी कोश आणि व्याकरणेही होती. मुखपृष्ठावरील ती चार अक्षरे पाहून पुस्तक निवडणारी एक पिढीच आपल्याकडे घडली. पण १९९७ मध्ये योजना बंद झाली आणि ती पुस्तके हळूहळू दुकानांतून दिसेनाशी झाली.

तिसरे उदाहरण नभोवाणीचे. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' हे प्रसारण सुरू केले. सुमारे पंधराशे शब्द, लहान वाक्ये आणि संथ उच्चार असे त्याचे स्वरूप होते. रेडिओ असला की पुस्तकाशिवायही कान तयार होत असे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन सरकारच्या आदेशानंतर त्या संस्थेचे काम एकाएकी थांबवण्यात आले.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. परक्या तिजोरीतून आलेली स्वस्ताई त्या तिजोरीच्या मर्जीवर अवलंबून असते. तथापि दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. ईएलबीएसची पुस्तके स्वस्त होती, पण त्यांचे हक्क प्रकाशकांकडे होते. योजना संपल्यावर त्या दरात ती पुन्हा छापण्याची सोय इतरांना नव्हती. व्हॉइस ऑफ अमेरिकाने स्वतः तयार केलेले पाठ मात्र सार्वजनिक मालकीचे आहेत. ज्याच्याजवळ ते जपून ठेवलेले आहेत, तो ते छापून वाटू शकतो. सवलत आज आहे, उद्या नाही. मोकळे हक्क मात्र टिकतात. कोणत्याही विश्वस्त संस्थेने खर्च करण्यापूर्वी हा भेद ध्यानात घ्यावा.

या संदर्भात ए. एस. हॉर्नबी यांचे स्मरण उचित ठरेल. जपानमध्ये अध्यापन करीत असताना त्यांनी सहकाऱ्यांसह परभाषकांसाठी इंग्रजी कोश तयार केला आणि तो १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला. तोच पुढे ऑक्सफर्डचा विख्यात विद्यार्थी-कोश बनला. त्यातून मिळालेल्या उत्पन्नातून त्यांनी १९६१ मध्ये न्यास स्थापन केला आणि निरनिराळ्या देशांतील इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. पुस्तकाने पैसा मिळवून दिला आणि तो पैसा पुन्हा विद्येकडे वळला.

मराठी माणसाला मात्र केवळ विलायती पुस्तक पुरत नाही. 'मला ताप आहे', 'माझ्याजवळ पैसे आहेत' आणि 'मला दोन मुली आहेत' ही तीन वाक्ये पाहावीत. मराठीत कधी 'मला' येते, कधी 'माझ्याजवळ'. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'आय हॅव' एवढेच पुरते. ही गोष्ट लंडनमध्ये बसून पुस्तक लिहिणाऱ्याला सुचणार नाही, कारण ती अडचण त्याची नव्हेच. क्रियापद मराठीत वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ. हे मराठीतून दोन ओळींत सांगता येते, पण इंग्रजीतून समजावण्यात तास जातो. म्हणूनच तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या शिकल्या. पुढच्या काळात दिल्लीच्या पुस्तक महलचा 'रॅपिडेक्स' अनेक भारतीय भाषांत निघाला आणि कपिल देव यांच्या जाहिरातीने घरोघरी पोहोचला. या पुस्तकांत उणिवा होत्या. भाषांतराने वाचन सुधारते, पण तेवढ्याने जीभ सैल होत नाही. तरीही शिकणाऱ्याला त्याच्याच भाषेत हात देणे ही त्यांची दृष्टी अचूक होती.

कायद्याचाही विचार आवश्यक आहे. स्वस्त म्हणून पदपथावरची चोरटी छपाई घेणे हा धर्मादाय संस्थेचा मार्ग नव्हे. मात्र अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना भारतीय कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही मुभा व्यापक अर्थाने उचलून धरली आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. याचा अर्थ अख्खे पुस्तक छापून विकावे असा नव्हे. परंतु वर्गात शिकवण्यासाठी निवडक पानांच्या प्रती काढताना शिक्षकाने चोरासारखे भिण्याचे कारण नाही.

मग एखाद्या गावच्या न्यासाने नेमके काय करावे? प्रथम, चांगल्या पुस्तकाचा संच वाचनालयाच्या धर्तीवर ठेवावा. समजा, तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या वीस प्रती घेतल्या. खर्च सहा हजार रुपये. वर्षाला तीन वर्ग आणि पुस्तकाचे आयुष्य तीन वर्षे धरले तर एकशे ऐंशी जण त्यावर शिकतील. माणशी खर्च साधारण तेहतीस रुपये येतो. अट एकच, उत्तरे पुस्तकात न लिहिता वहीत लिहावीत.

दुसरे, प्रत्येकाला घरी नेता येईल अशी स्वतःची छोटी पुस्तिका असावी. सोळा पानी चार फॉर्म्यांची, मधोमध पिन मारलेली, एकरंगी छपाईची चौसष्ट पाने पुरेशी आहेत. अक्षर ठसठशीत असावे, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांना चष्मा लागलेला असतो. त्यात गोष्टींपेक्षा व्यवहार असावा. औषधाची चिठ्ठी, पावती, रेल्वेचे तिकीट, बँकेचा अर्ज आणि दूरध्वनीवरील संभाषण यांवर पाठ असावेत. अर्थ आणि स्पष्टीकरण मराठीत द्यावे. समाजातील निवृत्त शिक्षकांनी ती लिहावी आणि हक्क खुले ठेवावेत, म्हणजे शेजारच्या गावालाही ती छापता येईल.

तिसरे, उच्चारांची सोय. शिक्षकाने पाठ संथपणे वाचून ध्वनिमुद्रित करावेत आणि भ्रमणध्वनीवर पाठवावेत. ध्वनिफितीचा खर्च आता उरलेला नाही. बाहेरगावच्यांना पुस्तिका पाठवण्यासाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू केली. तेव्हाचा दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, अधिक कर, असा ठरला.

पुस्तिका अगदी फुकट द्यावी की नाममात्र मूल्य घ्यावे, यावर मतभेद होतील. नाममात्र मूल्य घेतलेले बरे. पैसे देऊन घेतलेली वस्तू माणूस जपतो आणि उपकाराचे ओझेही त्याच्या मनावर राहत नाही. ज्याला तेही शक्य नसेल, त्याची व्यवस्था गुप्तपणे व्हावी.

चार दानांत शास्त्रदानाला मानाचे स्थान आहे. पूर्वजांनी पोथ्या लिहवून घेतल्या आणि ग्रंथभांडारांत त्या जतन केल्या. त्यामागे ज्ञान मूठभरांच्या हाती अडकू नये हीच भावना होती. चौसष्ट पानांच्या साध्या पुस्तिकेची तुलना शास्त्रग्रंथाशी करता येणार नाही. पण आपल्या पुढ्यातला कागद स्वतः वाचून, समजून, मगच त्यावर सही करणारी एखादी माता किंवा एखादा कारागीर त्या पुस्तिकेमुळे उभा राहिला, तर छपाईचा खर्च सत्कारणी लागला असेच म्हणावे लागेल. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात अशा एका वर्गाचा आणि एका पुस्तिकेचा संकल्प व्हावा, हीच विनंती.