काकूंची सही आणि कविता महाजनांची ‘ब्र’

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी दवनीवाड्याहून बोलतेय. तुमच्यातल्या पुष्कळ जणी मला गटांची समन्वयक म्हणून ओळखतात. मासिक बचत, परतफेड, बँकेचं कर्ज यावर मी नेहमीच बोलते. आज मात्र एका लेखिकेबद्दल आणि तिच्या एका कादंबरीबद्दल बोलणार आहे. चुलीवर भात असेल तर आच जरा कमी करा आणि दहा मिनिटं ऐका.

लेखिकेचं नाव कविता महाजन आणि कादंबरीचं नाव ‘ब्र’. एवढंच नाव, एकच अक्षर. हे अक्षर आपल्याला नवीन नाही. लहानपणी आई म्हणायची, “मोठी माणसं बोलत असताना तोंडातून ब्र काढू नको.” सासरी आलो तर तिथंही तेच. एखाद्या सुनेचं कौतुक करायचं असलं तरी म्हणतात, “एवढं सोसलं, पण तोंडातून ब्र काढला नाही पोरीनं.” म्हणजे न बोलणं हाच आपला मोठा गुण! कविता महाजनांनी तेच अक्षर उचललं आणि पुस्तकावर मोठं करून लिहिलं.

त्यांचा जन्म १९६७ सालचा, नांदेडचा. त्या कविता लिहायच्या, चित्रं काढायच्या, मुलांसाठी गोष्टी लिहायच्या. वारली लोकगीतं गोळा करण्याचं कामही त्यांनी केलं. ‘ब्र’ ही त्यांची पहिली कादंबरी २००५ साली आली.

या कादंबरीच्या मागं एक कायदा आहे आणि तो तुमच्या-माझ्या कामाचा आहे. घटनेची ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायांसाठी राखीव झाल्या. पुढं २०११ साली आपल्या राज्यानं त्या निम्म्या केल्या. कागदावर बाई सरपंच झाली. पण खुर्चीवर बसल्यावर तिचं काय झालं, हे जाऊन विचारलं कोणी?

‘ब्र’मध्ये ते विचारलेलं आहे. प्रफुल्ला नावाची एक बाई आहे. तिचा संसार मोडलाय, स्वतःवरचा भरवसा उडालाय. ती एका संस्थेत काम धरते. आदिवासी पाड्यांवर फिरायचं आणि सरपंच झालेल्या बायांना भेटायचं, हे काम तिच्याकडं येतं. मग एकेक बाई तिच्याशी बोलू लागते. कोणाला न वाचता सही करायला लावलेली, कोणावर अविश्वास ठराव आणलेला, कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवलेलं. आणि तरी हट्टानं काम करणाऱ्याही आहेत. प्रफुल्ला माहिती गोळा करायला जाते आणि त्या बायांकडून स्वतःच उभं राहायला शिकते. लेखिकेनं संस्थांनाही सोडलेलं नाही. गरिबांच्या नावावर कागद रंगवणारी माणसं त्यात आहेत. ते वाचताना माझ्यासारखीला टोचतं. का टोचतं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गावाचं नाव सांगत नाही, बाईचंही नाही. आमच्या एका गटातल्या काकू राखीव जागेवर मेंबर म्हणून निवडून आल्या. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण हिशेबाला पक्क्या. रोवणीची मजुरी कोणाची किती राहिली, हे तोंडपाठ सांगायच्या. एक दिवस त्यांच्या घरी प्रोसिडिंग बुक आलं, सहीसाठी. काकू ते घेऊन माझ्याकडं आल्या.

“ताई, का लिवलं हाये ते वाचून सांग ना वो.”

मला त्या दिवशी तीन गटांच्या बैठका होत्या. बुक घेऊन आलेला माणूस दारात उभा होता. मी वरवर पाहिलं आणि म्हटलं, “नेहमीचंच असेल काकू. सही करून टाका, वाद कशाला?”

काकूंनी सही केली. वर्षभरानं त्यांच्या घरी चौकशीची नोटीस आली. एका नालीचं बिल निघालं होतं आणि नाली गावात कुठंच नव्हती. ठरावावर इतरांबरोबर काकूंची सही होती. त्यांचे मालक महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. गावात लोक म्हणाले, “बाईच्या हाती कारभार दिला की असंच होते.” काकू मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी ब्र काढला नाही. तेच मला जास्त लागलं.

त्याच सुमारास एका प्रशिक्षणात भेटलेल्या मैत्रिणीनं मला ‘ब्र’ वाचायला दिली. रात्री सगळे झोपले की मी वाचायची. न वाचता सही करणाऱ्या बाया त्यात आल्या आणि मी पुस्तक मिटून बसले. काकूंना गप्प करणारे घरातले, गावातले होतेच, पण “वाद कशाला” म्हणणारी मी होते. बी.ए. झालेली, बायांना सक्षम करायचं काम करणारी.

मैत्रिणींनो, चांगल्या कादंबरीचा हाच उपयोग असतो. कायद्याची माहिती पुस्तिकेतही मिळते. कायदा आपल्या बाजूनं असूनही बाईचं तोंड का उघडत नाही आणि ते बंद ठेवण्यात आपला हात किती, हे मात्र गोष्टच दाखवते.

त्यानंतर २००७ साली कविता महाजनांची ‘भिन्न’ ही कादंबरी आली. एचआयव्ही झालेल्या माणसांची, विशेषतः नवऱ्याकडून आजार मिळालेल्या आणि वर दोषही मिळालेल्या बायांची ती गोष्ट आहे. ज्या विषयावर गावात दार लावून बोलतात, तो त्यांनी अंगणात आणला. इस्मत चुगताई या उर्दू लेखिकेच्या कथांचं त्यांनी ‘रजई’ या नावानं मराठी केलं. त्याला २०११ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय अवघं ५१.

आता जरा लांबची गोष्ट सांगते. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात चिमामांडा न्गोझी अदिची नावाची लेखिका आहे. तिचा जन्म १९७७ चा. ती लहानपणी विलायती पुस्तकं वाचायची. त्यामुळं स्वतः गोष्टी लिहायला लागली, तर तिच्या गोष्टीतली मुलं गोरी, बर्फात खेळणारी आणि सफरचंद खाणारी. हिनं तर बर्फ पाहिलेलाही नव्हता! पुढं आफ्रिकी लेखकांची पुस्तकं हाती आली, तेव्हा तिला कळलं की आपल्यासारखी माणसंही पुस्तकात असू शकतात. २००९ च्या एका भाषणात तिनं हे सांगितलंय. एखाद्याबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की लोकांना ती व्यक्ती तेवढीच वाटायला लागते, असं तिचं म्हणणं.

आपलंही तेच झालंय बघा. महिला सरपंच म्हटलं की एकच गोष्ट सांगतात: बाई नावाला, कारभार सरपंचपतीचा. आणि हसतात. ती गोष्ट खोटी नाही, पण तेवढीच नाही. तिला सही कशी करायला लावली, ती कधी अडून बसली, तेव्हा तिच्या बाजूनं कोण उभं राहिलं, हे कोणी सांगत नाही. कविता महाजनांनी ते सांगितलं.

मग आम्ही काय केलं? मी काकूंच्या घरी गेले आणि म्हटलं, “काकू, चूक माझी होती.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग आता वाचाले शिकव.”

आता आमच्या गटात दोन नियम आहेत. पहिला, कोणताही कागद मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय सही नाही. आणणारा दारात कितीही वेळ उभा राहो. दुसरा, इतिवृत्तात नुसतं “सर्वानुमते मंजूर” लिहायचं नाही. कोण काय बोललं, ते तिच्या नावानिशी आणि तिच्याच शब्दांत लिहायचं. माझ्या जुन्या रजिस्टरांत पानंच्या पानं सर्वानुमते आहेत आणि एकाही बाईचा आवाज नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथंही आम्ही हेच मागतो.

काकूंची चौकशी अजून मिटलेली नाही. पण मागच्या महिला सभेत त्या उठल्या आणि म्हणाल्या, “ठराव आधी वाचा. मंग सही.” सभा थोडा वेळ थांबली, मग ठराव वाचला गेला.

तुमच्या गावाजवळच्या वाचनालयात ‘ब्र’ मागा. नसेल तर मागवायला सांगा. पुस्तक जाड आहे, घाबरू नका. बैठकीनंतर एकीनं दोन पानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. आणि पुढच्या बैठकीत कोणी सहीसाठी कागद पुढं केला, तर काकूंचे शब्द आठवा.