रजा मागायची कोणाकडे?



मी घरी शिलाईकाम करते. ब्लाउज, सलवार-कमीज, फॉल-पिको, पडदे, जे येईल ते. त्याबरोबर आमच्या गल्लीतल्या बायकांना सरकारी योजनांचे फॉर्म भरायला मदत करते. बाळंतपणाच्या योजनेचा फॉर्म भरताना एक प्रश्न हमखास येतो, आणि तो हळू आवाजात येतो. "बाजी, मी मधूनमधून मशीनवर बसते. कोणाला कळलं तर पैसे बंद होतील का?" आज मी या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

उत्तर आधी सांगते. नाही, बंद होत नाहीत. पण ही भीती येते कुठून, ते समजून घेतलं पाहिजे. ती भीती दुसऱ्याच कायद्यातून आपल्या घरात आली आहे.

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा तुम्ही ऐकला असेल. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या स्त्रीला हा कायदा पगारी रजा देतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. या काळात तिला कामावरून काढता येत नाही. त्याच कायद्याचं कलम १८ सांगतं की, रजेवर असताना तिने दुसऱ्या आस्थापनेत काम केलं, तर तेवढ्या काळाचा लाभ तिला मिळणार नाही. नोकरीच्या बाबतीत हे ठीक आहे. मालक पगार देतोय, नोकरी राखून ठेवतोय, मग दुसरीकडे कमवू नकोस.

आता आपल्याकडे या. मी रजा मागायची कोणाकडे? माझा मालक कोण? मशीन माझं, वीजबिल माझं, गिऱ्हाईक माझं. जरीकाम करणारी, पापड लाटणारी, डबे पुरवणारी, घरी शिकवण्या घेणारी, मेंदीच्या ऑर्डर घेणारी, सगळ्यांचं असंच. नोकरीतल्या बाईची खुर्ची सहा महिन्यांनी तिथेच असते. माझं गिऱ्हाईक सहा महिन्यांत पलीकडच्या गल्लीतल्या शिलाईवालीकडे जातं, आणि एकदा गेलं की परत येत नाही. ईद तोंडावर असेल तर सहा महिने लांब राहिले, पंधरा दिवससुद्धा कोणी थांबत नाही.

म्हणून बाळ महिना-दोन महिन्यांचं झालं की बाई रोज तास-दोन तास मशीनवर बसते. त्यात पोट भरण्याइतकं काही मिळत नाही. धंदा हातातून जाऊ नये म्हणून ती बसते. नोकरदार स्त्रीच्या नोकरीला कायद्याचं संरक्षण आहे. स्वतःचं काम करणाऱ्या स्त्रीला जे काही संरक्षण आहे, ते या दोन तासांचंच आहे. ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर ती 'पैसेही घेते आणि कामही करते' असं वाटतं. मग तिलाही आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटायला लागतं.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न मोठा आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं की, काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के घरातच काम करतात. सर्व स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५१ टक्के होतं. म्हणजे २६ आठवड्यांची बातमी टीव्हीवर आली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायकांचा तिच्याशी संबंधच नव्हता.

मग आपल्यासाठी काय आहे? प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. ३,००० रुपये गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, आणि २,००० रुपये बाळाची जन्मनोंद आणि लसींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर. दुसरं मूल मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम. योजनेचा हेतू सरकारने स्वतःच लिहिला आहे: बुडालेल्या मजुरीची काही भरपाई, म्हणजे आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती घेता यावी. अटी कोणत्या, तर नोंदणी, तपासणी, जन्मनोंद, लसीकरण. घरी काम करू नये अशी अट त्यात नाही. सरकारी नोकरीत असाल किंवा दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळत असेल, तर मात्र ही योजना मिळत नाही. तेव्हा बायकांनो, मशीनवर बसता हे लपवू नका. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पण रक्कम पाहा. ५,००० रुपये २६ आठवड्यांवर पसरले तर रोजचे साडेसत्तावीस रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. एवढ्यात विश्रांती कशी घ्यायची? अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये किमान ६,००० रुपयांचा हक्क लिहून दिला. तेव्हापासून शिलाईच्या दोऱ्याच्या रिळापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळं महागलं, हा आकडा तिथेच राहिला. आणि दुसरा मुलगा झाला तर आईची मजुरी बुडत नाही, असं कोणी ठरवलं?

दुसऱ्या देशांनी आपला हळू आवाजातला प्रश्न उघडपणे सोडवला आहे. ब्रिटनमध्ये स्वतःचं काम करणाऱ्या स्त्रीला मातृत्व भत्ता मिळतो, जास्तीत जास्त ३९ आठवडे, आणि त्या काळात १० दिवस काम केलं तरी भत्ता जात नाही. जर्मनीत पालक भत्ता घेताना आई किंवा बाप आठवड्याला सरासरी ३२ तासांपर्यंत काम करू शकतात. कमाईनुसार भत्ता कमी होतो, पण काम करणं गुन्हा ठरत नाही. तिथल्या नियमांतही त्रुटी आहेत. पण बाळ लहान असताना माणूस थोडं काम करतो, हे त्यांनी धरून चाललं आहे आणि किती ते लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडे ही मागणी परकी नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. हा मुद्दा मान्य केला, तर 'तुला मालक नाही म्हणून तुला रजा नाही' हे म्हणणं टिकतच नाही. संविधानाचं कलम ४२ सुद्धा मातृत्व साहाय्याबद्दल बोलताना मालकाची अट घालत नाही. आणि सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्या आणि स्वयंरोजगार करणाऱ्यांना असंघटित कामगार म्हटलंय, त्यांच्या मातृत्व लाभासाठी केंद्राने योजना कराव्यात असंही म्हटलंय. शब्द कायद्यात आहेत, आता रक्कम मागायची आहे. रक्कम वाढवा, दुसऱ्या मुलाची अट काढा, आणि अर्धवेळ काम केलं तरी लाभ मिळेल हे नियमात स्पष्ट लिहा, अशा आपल्या तीन मागण्या असायला हव्यात.

आता घरातलं बोलू. आपल्याकडे चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात. शेजारी सव्वा महिना म्हणतात. १९६१ च्या कायद्यानेही प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवायला बंदी केली होती, म्हणजे ४२ दिवस. रिवाज आणि कायदा इथे जवळजवळ एकाच जागी आहेत. पण चिल्ल्यात बाहेरचं काम बंद असतं आणि मशीन मात्र घरात असतं. ऑर्डर राहिली की सासू, नवरा, शेजारीण कोणीतरी म्हणतंच, "घरातच तर बसून करायचंय." या सभागृहात मुलगे बरेच आहेत. त्यांना सांगते, तुमच्या बहिणीला, बायकोला त्या ४२ दिवसांत हे वाक्य ऐकवू नका. नंतर ती दोन तास काम करेल, तेव्हा ते दोन तास बाळ तुम्ही सांभाळा. रिक्षा चालवणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या बापाचाही घरी बसलं की रोज बुडतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच ही मागणी फक्त बायकांची नाही.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. पहिली, ई-श्रम पोर्टलवर नोंद करा आणि व्यवसायाच्या जागी आपलं खरं काम लिहा. ई-श्रम कार्ड किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड मातृवंदनेच्या पात्रतेसाठी चालतं. दुसरी, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे गरोदरपणातच नोंद करा. राहून गेलं असेल तर बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत अर्ज करा. तिसरी, खातं स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं असू द्या. अर्जाला पैसे लागत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. चौथी, एक वही ठेवा. तारीख, काम, मिळालेले पैसे. उद्या चांगली योजना आली आणि कोणी विचारलं की तुम्ही काम करत होता याला पुरावा काय, तर ही वही पुढे करता येईल.

आज घरी गेल्यावर आईला किंवा वहिनीला विचारा, मागच्या फॉर्मवर तुझ्या नावापुढे काय लिहिलं होतं? बहुतेक घरांत 'गृहिणी' हे उत्तर येईल. त्याच घरात कोपऱ्यात शिलाईचं मशीन असेल. पुढचा फॉर्म तुम्ही भरा, आणि त्यावर 'शिवणकाम' लिहा.