नदीच्या खालच्या अंगाचा हिशेब



ज्या अभियांत्रिकी विद्याशाखेची पदवी आज आपण स्वीकारीत आहात, तिचे मूळ श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्राचार्यत्वाखाली स्थापन केलेल्या कलाभवनात आहे. आणि धंद्याचे शास्त्र कारागिराच्या मुलाला त्याच्या देशी भाषेत शिकविले गेले पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह होता. त्या आग्रहाचे आजच्या संशोधनाशी काय नाते आहे, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

पहिले उदाहरण पाण्याचे. कलाभवनाच्याही आधी, १८८५ साली, वडोदरा संस्थानाने आजव्याच्या तलावाचे काम हाती घेतले. जगन्नाथ सदाशिवजी या अभियंत्याच्या देखरेखीखाली मातीचा बांध उभा राहिला, आणि शहरापासून कित्येक कोसांवर साठविलेले पाणी केवळ उताराच्या बळावर वडोदऱ्याच्या घराघरांत येऊ लागले. विहिरींच्या मचूळ पाण्यावर दिवस काढणाऱ्या रयतेसाठी दरबाराच्या खजिन्यातून झालेल्या खर्चांत याहून सार्थ खर्च मला दुसरा दिसत नाही, आणि आजही शहराचा मोठा भाग त्याच तलावाचे पाणी पितो. परंतु पाणी आणण्याची विद्या जितक्या निष्ठेने साधली गेली, तितक्या निष्ठेने पाणी जाऊ देण्याची विद्या पुढील पिढ्यांनी साधली नाही. पावागडाकडून येणारी विश्वामित्री ज्या घळींत आणि पाणथळांत पावसाळ्यात पसरून विसावत असे, त्यांत राडारोडा पडला आणि घरे चढली. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, धोक्याची खूण २५ फुटांवर असताना, आजवा व प्रतापपुरा या जलाशयांतून उतरलेले पाणीही पोटात घेऊन नदी ३५ फुटांच्या वर गेली.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे नदी खणून रुंद करावी आणि तिचे काठ काँक्रीटने बांधावेत. मात्र त्याच काठांच्या मऊ मातीत मगरींची बिळे आहेत. शहराच्या मध्यवस्तीत मगरी नांदत असलेली अशी नदी क्वचितच आढळेल. मगरींना बेघर न करता पुराला वाट कशी द्यावी, हा प्रश्न स्थापत्य, जलशास्त्र आणि प्राणिशास्त्र या तीन विभागांनी एकत्र बसल्यावाचून सुटणारा नाही. आणि समियाळा येथे जलसंपत्तीची स्वतंत्र संस्था चालविणाऱ्या या विद्यापीठाने तो दुसऱ्यावर सोपवावा, हे मला उचित वाटत नाही.

दुसरे उदाहरण अधिक कठीण आहे. शहराच्या उत्तर-पश्चिमेकडील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्याने खंभातच्या आखाताकडे नेले जाते. योजना दूरदृष्टीची होती, हे निःसंशय. पण तो कालवा पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून जातो, आणि तेथील शेतकऱ्यांच्या विहिरीच्या पाण्याविषयीच्या तक्रारी वर्षानुवर्षे सरकारदरबारी अर्जांच्या रूपाने साचत आल्या आहेत. ज्याच्या दारातून घाण गेली तो सुटला, ज्याच्या शेताकडे ती वळली त्याचा हिशेब मात्र कोणत्याही दप्तरात नीट मांडला गेला नाही. आमच्या विद्येतील ही त्रुटी मला फार सलते: आराखड्याची हद्द जेथे संपते, तेथे आमची जबाबदारीही संपली असे आम्ही मानीत आलो.

म्हणून माझी एक निश्चित सूचना आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी या विद्याशाखेने कायमची नोंदवही सुरू करावी. प्रत्येक पुरात विश्वामित्रीच्या काठच्या कोणत्या वस्तीत पाणी किती चढले व किती वेळ राहिले, आणि कालव्यालगतच्या कोणत्या विहिरीत ऋतूगणिक काय आढळले, हे विद्यार्थ्यांनी तेथील रहिवाशांसमवेत मोजून तीत लिहावे. एक प्रत महानगरपालिकेच्या दप्तरी जावी, आणि दुसरी, गज्जरांच्या आग्रहाला धरून, गुजरातीत, जेथे आवश्यक तेथे मराठीतही, त्या त्या वस्तीत व ग्रामपंचायतीत जाहीर वाचून दाखविली जावी, म्हणजे अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती केवळ गाऱ्हाणे न राहता मोजमापही राहील. आपल्यापैकी जे याच शहरात नोकरी वा व्यवसाय करणार आहेत, त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ही मोजणी शिकविण्यासाठी पावसाळ्याचे काही रविवार द्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.