मैदान मुलींचं, मत कुणाचं?

(दिंडोरी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आज क्रिकेटच्या कोर्टकज्ज्यावर बोलायचं म्हटल्यावर काही जणी म्हणाल्या, "ताई, त्याचा आपल्याशी काय संबंध?" संबंध आहे. मुलीला कॉलेजात घालताना आपण जिमखाना फी भरतो. ती खेळात पुढे गेली तर तिची वाट कॉलेजच्या संघातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संघाकडे आणि तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धेकडे जाते. या स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही विद्यापीठांची संघटना भरवते. क्रिकेट नियामक मंडळात या संघटनेला सभासद म्हणून मत आहे.

हे मत एकदा गेलं होतं. लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' असं सुचवलं आणि विद्यापीठं, रेल्वे, सेनादल यांना मताचा अधिकार नको असं म्हटलं. १८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. त्यावर पुन्हा वाद झाला आणि ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने तिघांनाही मत परत मिळालं. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या आपल्या राज्यातल्या तिन्ही संघटनांचंही मत राहिलं.

मत म्हणजे पदाधिकारी निवडण्याचा आणि पैसा कुठे जाईल हे ठरवण्याचा हक्क. रेल्वेचंच पाहा. २०१७ च्या विश्वचषकात खेळलेल्या आपल्या १५ मुलींपैकी १० जणी रेल्वेत नोकरीला होत्या. ज्या संस्थेने मुलींना पगार दिला, तिचा आवाज बंद होणं हा बायकांचा प्रश्न नव्हता का? पण या सगळ्या भांडणात चर्चा झाली ती संस्थांच्या मताची. त्या संस्थेत बाई कुठे बसते, हे फार थोड्यांनी विचारलं.

एके काळी बायकांच्या क्रिकेटची संघटनाच वेगळी होती. १९७३ साली ती स्थापन झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. पैसा नव्हता. मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून जात, मिळेल तिथे जमिनीवर झोपत. २००६ मध्ये ही संघटना मंडळात विलीन झाली. पुढे पैसा आला. २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकही जिंकला. हे मोठंच आहे. पण स्वतःची कमिटी गेली ती गेलीच. मंडळाच्या नऊ जणांच्या सर्वोच्च समितीत एक माजी महिला खेळाडू असावी, हे कोर्टामुळे ठरलं. त्या जागेवर २०१९ मध्ये शांता रंगास्वामी निवडून आल्या. नऊ जणांत एक!

अमेरिकेतही हेच घडलं. तिथे कॉलेजातल्या मुलींच्या खेळांसाठी बायकांनी १९७१ साली स्वतःची संघटना काढली. पुरुषांच्या बलाढ्य संघटनेने मुलींच्या स्पर्धा सुरू केल्यावर कॉलेजं तिकडे वळली. बायकांनी कोर्टात दावा लावला, तो १९८३ मध्ये हरल्या आणि संघटना बंद पडली. १९७२ मध्ये मुलींच्या क्रीडा विभागांपैकी ९० टक्क्यांहून अधिक विभागांच्या प्रमुख बायका होत्या. १९९० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आलं. खेळणाऱ्या मुली वाढल्या, खुर्चीवरच्या बायका घटल्या.

म्हणून म्हणते, नुसतं "मुलींना खेळू द्या" एवढी मागणी पुरणार नाही. कॉलेजच्या जिमखाना समितीत कोण आहे, ते विचारा. मुलींसाठी किती खर्च झाला, त्याचा हिशोब मागा. संघ बाहेरगावी जातो तेव्हा सोबत बाई असते का, हे पाहा. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीवर किमान चार महिला असाव्यात अशी तरतूद आहे. दिल्लीत चार असू शकतात, तर आपल्या तालुक्यातल्या कॉलेजात एक तरी का नको? आणि "आमची संस्था खाजगी आहे" असं कुणी ऐकवलं तर घाबरू नका. क्रिकेट मंडळ हे सरकार नाही, तरीही त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगून ठेवलं आहे.

ग्रामपंचायतीत बसायला आपण शिकलो. आता जिमखान्याच्या कमिटीतही बसू या.