लाकूड कुजतं, नोंद उरते



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याविषयी बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. मीही त्याविषयीच बोलणार आहे. मात्र सुरुवात नाईल नदीच्या काठावरून, तिथल्या प्राचीन सुतारांपासून करणार आहे. मूल-सावली-चामोर्शीकडच्या सागाच्या जंगलात राहणाऱ्यांना वाळवंटातल्या सुतारकामाचं काय, असं वाटेल. माझी विनंती एवढीच, की शेवटपर्यंत ऐकावं.

इजिप्त म्हटलं की आपल्यासमोर दगड उभा राहतो. पिरॅमिड, कर्नाकचे खांब, अबू सिंबेलचे महाकाय राजे. पण ते लोक घरात ज्यावर बसले, निजले, ज्या पेटीत त्यांनी कपडे ठेवले, ते सगळं लाकडाचं होतं, आणि त्या देशात चांगलं लाकूड जवळजवळ नव्हतंच. बाभूळ होती, झाऊ होता, आणि आपल्या उंबराच्या कुळातलं एक झाड होतं. त्या झाडात हाथोर देवीचा वास आहे, असं ते मानत. आपण औदुंबराखाली दत्त पाहतो. परंतु या झाडांची लाकडं आखूड, वाकडी, गाठाळ. लांब सरळ फळी हवी असेल तर समुद्रापलीकडे लेबनॉनला जावं लागे. स्नेफेरू राजाच्या काळात, म्हणजे साधारण ४६०० वर्षांपूर्वी, देवदाराने भरलेली ४० जहाजं आली, हे राज्याच्या इतिहासात दगडावर कोरून ठेवलेलं आहे. लाकूड येणं ही त्या देशात इतकी मोठी घटना होती.

या लाकडासाठी झालेल्या प्रवासाची एक कथाही आहे. इसवी सनापूर्वी ११व्या शतकातला वेनामुन नावाचा देवळाचा अधिकारी अमुन देवाच्या नौकेसाठी लाकूड आणायला बिब्लोस बंदरात जातो. वाटेत त्याचे पैसे चोरीला जातात. तिथला राजा त्याला दिवसचे दिवस ताटकळत ठेवतो, आणि मोबदला आल्याशिवाय झाड तोडू देत नाही. शेवटी इजिप्तहून सोनं, चांदी, लिननचं कापड येतं, आणि त्याबरोबर पपायरसच्या ५०० गुंडाळ्याही येतात. लाकडासाठी कोरा कागद मोजला गेला! इथून तासाभराच्या वाटेवर बल्लारपूर आहे. तिथे आपल्या जंगलातून बांबू आणि लाकूड गेलं आणि त्याचा कागद झाला. वेनामुनच्या देशाने कागद देऊन लाकूड आणलं; आपण लाकूड दिलं. प्रश्न असा आहे, की त्या कागदावर आपण स्वतःविषयी काय लिहिलं?

जे दुर्मीळ असतं, त्याला माणूस जपून हात लावतो. इजिप्तच्या सुताराने बाभळीचे वीतभर तुकडे एकमेकांना जोडून पेट्या केल्या. एका लाकडाला कुसू काढायचं, दुसऱ्यात त्याच मापाचं भोक पाडायचं, आणि वरून लाकडी खुंटी मारायची. सक्कारा इथे जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये सहा पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेली शवपेटी सापडली. आज आपण ज्याला प्लायवूड म्हणतो, त्याची कल्पना साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. आणि या सगळ्या काळात त्यांच्याकडे रंधा नव्हता! लाकूड तासायचं ते वाकसाने, आणि गुळगुळीत करायचं ते वालुकाश्माने घासून.

थीब्ज इथे रेखमिरे नावाच्या वजिराची समाधी आहे, सुमारे ३४५० वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर सुतारांचा सगळा कारखाना रंगवलेला आहे. एकजण खांबाला बांधलेल्या लाकडावर करवत चालवतो. एकजण धनुकलीची दोरी ओढून सामत्याने भोक पाडतो. बाजूला विस्तवावर सरसाचं भांडं चढवलेलं आहे. या चित्राचा फोटो मी एकदा आमच्या गावच्या म्हाताऱ्या वाढईबुवांना, म्हणजे सुतारांना, दाखवला. त्यांनी चष्मा सारखा केला, धनुकलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ''हा तर सामता हाय. माझ्या बापापाशी होता.'' इजिप्त कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रातलं हत्यार त्यांनी क्षणात ओळखलं, कारण त्यांच्याजवळ त्याचं नाव होतं.

नावांचीच आणखी एक गोष्ट. काळ्या, जड, चमकदार लाकडाला आपण आबनूस म्हणतो. हा शब्द फारसीतून आला, फारसीत ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये खुद्द प्राचीन इजिप्तमधून. इजिप्शियनांचं ते लाकूड आफ्रिकेतल्या एका झाडाचं होतं, आणि ते झाड आपल्या शिसवाचं सख्खं भावंड आहे. आज जगात ज्याला आबनूस म्हणतात, ते मात्र तेंदूच्या कुळातलं. शास्त्रज्ञांनी त्या आफ्रिकी झाडाला आणि आपल्या तेंदूला दोघांनाही एकच विशेषनाम दिलं आहे, मेलॅनोझायलॉन, म्हणजे काळ्या लाकडाचं. उन्हाळ्यात आपल्या बायाबापड्या पहाटे उठून ज्याची पानं तोडायला जातात, त्या झाडाच्या पोटात राजांच्या सिंहासनाला शोभेल असं लाकूड असतं. आपण त्याला विडीच्या पानापलीकडे ओळखलं नाही.

आणि सागवान? तेही इजिप्तपर्यंत पोचलं. तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं रोमन काळातलं बंदर आहे. तिथे १९९४मध्ये उत्खनन सुरू झालं. भारतीय रांजणात ठेवलेले सुमारे साडेसात किलो काळे मिरे तिथे निघाले, आणि घरांच्या बांधकामात वापरलेल्या सागाच्या तुळयाही निघाल्या. जहाजं मोडली तेव्हा त्यांचं सागवान इजिप्तच्या माणसाने टाकून दिलं नाही. त्याने ते घराला लावलं.

आता मी माझ्या मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. फेब्रुवारी १९२५. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडजवळ अमेरिकन संशोधक जॉर्ज राइसनर यांच्या पथकाचे छायाचित्रकार मोहम्मदानी इब्राहिम कॅमेऱ्याची तिपाई लावत होते. तिचा पाय जिथे टेकला, तिथे खाली खडक नव्हता, चुन्याचा गिलावा होता. तो उकरल्यावर सुमारे २७ मीटर खोल विवर निघालं. तळाशी होती खुफू राजाची आई हेतेफेरेस हिची समाधी. आत पलंग होता, खुर्च्या होत्या, डोली होती, पलंगावरचा मांडव होता. पण खरं म्हणजे यातलं काहीच नव्हतं! लाकूड कुजून भुकटी झालं होतं. वरचा सोन्याचा पत्रा, जडावाचे तुकडे आणि तांब्याचे भाग तेवढे जमिनीवर पसरले होते.

घाईचा माणूस असता तर सोनं गोळा करून वर आला असता. या लोकांनी तसं केलं नाही. प्रत्येक तुकडा कुठे पडला आहे, कोणाच्या वर आहे, किती अंतरावर आहे, याची त्यांनी महिनोन्महिने नोंद केली, रेखाटनं काढली, फोटो घेतले. त्या नोंदींवरून नवं लाकूड घालून पलंग उभा राहिला, खुर्ची उभी राहिली, डोली उभी राहिली. आबनुसाच्या पट्टीवर सोन्याच्या अक्षरांत राणीचं नाव पुन्हा वाचता आलं. एक खुर्ची मात्र इतकी विस्कटली होती, की तेव्हा ती जमली नाही. ती त्याच जुन्या वह्यांवरून हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१६मध्ये पुन्हा घडवली. नव्वद वर्षांनी! लाकूड गेलं होतं, नोंद होती; म्हणून खुर्ची परत आली.

मित्रहो, आता आपल्याकडे पाहू. १९२२मध्ये सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या समाधीत पाच हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या, कारण वाळवंटाची कोरडी हवा सहसा लाकूड राखते. आपल्याकडे चार महिने पाऊस आहे आणि बारा महिने उधई आहे. आपलं लाकूड समाधीत ठेवलं असतं तरी उरलं नसतं. विदर्भातल्या शिळावर्तुळांचंच पाहा. नागपूरजवळ माहूरझरीला, नायकुंडला शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. अडीच हजार वर्षांहून जुन्या त्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि वाकस मिळाले. आपल्या चिमूर तालुक्यात हिरापूरलाही त्या परंपरेची शिळास्मारकं उभी आहेत. म्हणजे आपल्या भूमीतही मेलेल्या माणसासोबत त्याचं हत्यार ठेवत होते. पण त्या छिन्नीचा लाकडी दांडा गेला, तिने घडवलेली प्रत्येक वस्तू गेली, आणि त्या माणसाने आपल्या हत्याराला काय नाव दिलं होतं, हे जगात कोणालाही सांगता येणार नाही. त्यांनी लिहून ठेवलं नाही. रेखमिरेच्या सुतारांशी आपण आज बोलू शकतो. माहूरझरीचा सुतार मुका आहे.

आपल्या डोळ्यांसमोरचे सुतारही मुके होत चालले आहेत. माझ्या लहानपणी तान्ह्या पोळ्याला वाढईकाका प्रत्येक घरच्या पोरासाठी लाकडाचा बैल करायचे. खाली चार चाकं, मानेला दोरी, शिंगांना बेगड. आम्ही पोरं ते बैल ओळीने घेऊन निघायचो आणि ओसरीवर बसलेली मोठी माणसं आमच्या हातावर पैसे ठेवायची. १९२०मध्ये इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या समाधीत रंगवलेल्या लाकडी प्रतिकृती मिळाल्या. त्यात एक देखावा आहे : ओसरीवर मालक बसला आहे, शेजारी कारकून आहेत, आणि समोरून ठिपक्याठिपक्यांची गुरं हाकत नेली जात आहेत. ते चित्र पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले. चार हजार वर्षं त्यांनी आपला पोळा जपला आहे. माझा बैल कुठे आहे? आजोबांचं घर पाडलं तेव्हा तो आणि नक्षीचं दार एकाच दिवशी चुलीत गेले. आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही, हे मी आज या व्यासपीठावरून कबूल करतो.

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३मध्ये बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत गेलं. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. आलापल्लीचं सागवान जगाला ठाऊक आहे. पण सागवानाची कीर्ती ही झाडाची कीर्ती आहे. त्याला आकार देणाऱ्या आपल्या हातांची कीर्ती कुठे आहे? मार्कंड्याच्या देवळांवर आपण लिहितो, १८७३-७४मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम तिथे आले होते हे सांगतो. पण बैलबंडीचं चाक अचूक गोल करणाऱ्या, एक खिळा न मारता पलंग जोडणाऱ्या वाढईवर आपल्या झाडीपट्टीत किती पानं लिहिली गेली?

इजिप्तमध्ये देर अल-मदिना हे समाध्या खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव होतं. तिथे चुनखडीच्या एका कपच्यावर दुसऱ्या रामसेस राजाच्या राजवटीच्या ४०व्या वर्षाची हजेरी मिळाली. सुमारे ४० कामगारांची नावं, आणि कोण कोणत्या दिवशी का आला नाही याची कारणं. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. एकाच्या आईचे अंत्यसंस्कार होते. राजाचं वैभव सोन्यात उरलं, हे खरं. पण विंचू चावलेला तो माणूस दगडाच्या एका कपच्यामुळे सव्वातीन हजार वर्षं जिवंत आहे. साहित्य याहून मोठं काय करतं?

आपल्या भाषेत हे काम झालेलंच नाही, असं मी म्हणत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५मध्ये 'गावगाडा'त बलुतेदारांची व्यवस्था लिहून ठेवली. पण ती मुख्यतः देशावरची. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं आणि तिचा शब्दकोश केला. त्या कामाच्या पुढचं पाऊल आपलं आहे. बंडीच्या चाकात तुंबा असतो, आरे असतात, वर लोखंडी धाव असते. जुवाला शिवळा असतात. नांगराच्या लांब दांड्याला कुठे हाळीस म्हणतात, कुठे इसाड. सुताराच्या पेटीत वाकस, पटाशी, किकरं, खतकस, गुण्या असतो. त्याच वाकसाला कोणी वासला म्हणतं, कोणी बसुला. ट्रॅक्टर आला, प्लायवूड आलं, तयार कपाटं आली. त्यांना माझा विरोध नाही. कष्ट कमी झाले तर चांगलंच आहे. पण वस्तू गेली की तिचं नाव दोन पिढ्यांत जातं, आणि नाव गेलं की ती वस्तू कधी होती हेही जातं.

म्हणून या संमेलनातून एकच ठराव प्रत्येकाने स्वतःसाठी करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. घरी गेल्यावर आपल्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या वाढईकडे जा. सोबत एक वही न्या. त्यांचं नाव लिहा, त्यांच्या गुरूचं नाव लिहा. प्रत्येक हत्याराचं नाव ते जसं उच्चारतात तसंच लिहा, पुस्तकी करू नका. बंडी, नांगर, पाळणा, दार, पोळ्याचा बैल यांची चित्रं काढा, मापं घ्या, प्रत्येक भागासमोर त्याचा शब्द लिहा. कोणत्या कामाला साग, कोणत्या कामाला बीजा, कोणत्या कामाला शिवण, आणि का, हे विचारा. शिक्षकांनी ही वही शाळेत मुलांकडून भरून घ्यावी. पुढच्या संमेलनाला येताना कवितेच्या वहीबरोबर ही वहीही आणा.

आपल्या हवेत लाकूड टिकणार नाही. राखता येईल तो शब्द. आणि तो सांगणारी माणसं आज आपल्यात आहेत. पुढच्या पोळ्याला असतीलच असं नाही. वही उद्याच घ्या.