उद्याचे स्वप्न : पिढीगणिक निराळे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे पूर्ण झाली की संस्था मागे वळून पाहते आणि ते योग्यच आहे. परंतु संयोजकांनी मला ‘उद्या’विषयी बोलावयास सांगितले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उद्याचे भाकीत करण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी उद्याची कोणती चित्रे पाहिली आणि ती कशी बदलत गेली, एवढेच मी आपणासमोर मांडणार आहे.

सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे नाव जुन्या मंडळींना परिचित आहे. त्यांच्या काळी धर्मग्रंथ छापावेत की नाहीत, यावर आपल्या समाजात मोठा वाद होता. शास्त्रे हातानेच लिहावीत, ती यंत्राखाली घालणे हा अविनय आहे, असे अनेक श्रद्धाळू वडीलधाऱ्यांना मनापासून वाटे. अशा वातावरणात १८८० च्या दशकात हिराचंदशेठनी ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक सुरू केले. छापील अक्षर घरोघरी पोहोचावे, हे त्या पिढीतील सुधारकांचे उद्याचे स्वप्न होते. आज आपण स्मरणिका छापतो, तेव्हा तो वाद कोणाच्या ध्यानातही नसतो.

त्यांचे पुत्र शेठ वालचंद यांचा जन्म १८८२ चा. छापखाना त्यांच्या पिढीला नवलाचा उरला नव्हता. घरच्या पेढीत मन न रमलेल्या या तरुणाने बार्शी लाईट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. पुढे ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची पायाभरणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. जे जे परक्यांच्या हाती आहे, ते आपल्या हातांनी घडवावे, हे वालचंदशेठचे स्वप्न होते. वडिलांना उणीव जाणवली ज्ञानप्रसाराची, मुलाला जाणवली यंत्रांची. ज्या पिढीला जे उणे भासते, तेच तिच्या भविष्याचे चित्र होते, असे मला वाटते.

त्याच वालचंदशेठनी आपल्या इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेती उभी केली, १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. उसाच्या पाठोपाठ तेथे यंत्रशाळा वाढली. तिच्यातून पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बाहेर पडू लागली आणि कालांतराने अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांचे भागही. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ला उचलणाऱ्या बूस्टरच्या आवरणाचे भाग वालचंदनगरचे होते. वालचंदशेठ १९५३ साली निवर्तले. जगातला पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला तो १९५७ साली. म्हणजे आपल्या यंत्रशाळेचे काम कुठवर जाणार आहे, याची कल्पनाही त्यांना असणे शक्य नव्हते. आणि योगायोग पाहा, त्याच २०२३ साली, ऑक्टोबरच्या अखेरीस, त्यांच्या मोटार कंपनीची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची निवृत्त झाली. ज्याला आपण भविष्य म्हणून धरून बसतो ते भंगारात जाते, आणि ज्याचा विचारही केलेला नसतो ते झेपावते.

आता थोडे घरचे सांगतो. माझ्या आजोबांच्या लेखी भविष्य म्हणजे पाटाचे पाणी. १८७६ च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम सुरू झाले आणि पुढच्या दशकात पाणी आले. पाण्यामागे ऊस आला, उसामागे गूळ आणि गुळामागे बारामतीच्या बाजारात आमची आडत. माझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोर वीज, साखर कारखाने आणि मोठी धरणे होती. १९८० साली उजनी पूर्ण झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते.

आणि माझे? माझे भविष्य आडतीच्या गादीवर संपले होते, हे मी आज कबूल करतो. १९९१ च्या दिवाळीत चोपडीपूजनाच्या वेळी माझा मुलगा म्हणाला, “बाबा, यंदा एक संगणक घेऊ. शेतकऱ्याची पट्टी मिनिटात निघेल.” मी म्हणालो, “कीर्द-खतावणी हाताने लिहिली तरच माणसाला आपला व्यवहार कळतो.” तो काही बोलला नाही. पुढच्या जूनमध्ये तो पुण्याला गेला. आज त्याचे उत्तम चालले आहे, परंतु त्याच्या आयुष्याची तीस वर्षे माझ्या पेढीत नाहीत. शास्त्र छापू नये म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी मनात हसत असे. त्यांच्याच रांगेत मी कधी जाऊन बसलो, ते मला समजले नाही.

गेल्या वर्षी नातू सुटीत आला. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात २०२४ पासून उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू झाला आहे, तो त्याने मला नेऊन दाखवला. जमिनीतला ओलावा मोजणारी उपकरणे, हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रे आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर येणारा पाण्याचा सल्ला. मी विचारले, “हे सारे कशासाठी?” तो म्हणाला, “आजोबा, पाणी कमी द्यायचे कुठे, हे कळण्यासाठी.”

मित्रहो, त्या उत्तराने मी अंतर्मुख झालो. माझ्या आजोबांचे स्वप्न पाणी आणण्याचे होते, नातवाचे आहे पाणी वाचवण्याचे. मधल्या काळात अतिपाण्याने कालव्याकाठच्या कितीतरी जमिनी चोपण झाल्या. वडिलांनी ज्या उजनीचे पेढे वाटले, तिच्या पोटात आपल्याच तालुक्यातील गावे गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ अजून वर येते. आजोबा चुकले असे मी म्हणत नाही; दुष्काळात होरपळलेल्या माणसाने पाण्याचे स्वप्न पाहू नये तर कोणी पाहावे? परंतु प्रत्येक पिढीच्या स्वप्नाची काही बाकी उरते आणि ती पुढच्या पिढीच्या खाती ओढली जाते. आपण व्यापारी माणसे आहोत. मागील बाकी पुढे ओढणे आपल्याला शिकवावे लागत नाही.

नातवाच्या स्वप्नाचीही बाकी निघेल. यंत्राच्या सल्ल्यावर चालता चालता मातीची परीक्षा करणारे डोळे हरवतील काय, ही शंका मला आहे आणि ती मी त्याला बोलून दाखवली. त्याने ती ऐकून घेतली. १९९१ मध्ये मी मुलाचे तसे ऐकून घेतले नव्हते.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. या दिवाळीत चोपडीपूजनाला बसाल, तेव्हा घरातील मुलांना पाच मिनिटे विचारा की त्यांना उद्या कसा दिसतो. लगेच होकार देऊ नका, नकारही देऊ नका, फक्त ऐका. तरुणांना सांगणे इतकेच, की आमच्या चुकांची बाकी आमच्याकडून समजून घ्या, कारण ती फेडायची तुम्हालाच आहे. माझा मुलगा आज या सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे. त्याला जे तेव्हा सांगायचे राहिले, ते आज आपणा सर्वांसमक्ष सांगता आले, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे.

जय जिनेंद्र.